दृष्टांत आणि स्वप्न

आपल्या भाषेत स्वप्न पडते आणि दृष्टांत होतो. या दोन क्रियापदांमधले अंतर लहानपणी मला फार मोठे वाटे. स्वप्ने आम्हां मुलांना पडत, घरच्या बायकांना पडत, तापाने फणफणलेल्या माणसांना पडत. सकाळी पेजेच्या वेळी ती सांगावयाची, कोणी हसावयाचे, कोणी 'पोट बिघडले असेल' म्हणावयाचे, आणि ती तिथेच संपावयाची. दृष्टांत मात्र आमच्या घरात एकट्या आजोबांना झाला होता. आणि त्याविषयी बोलताना घरातली माणसे आवाज खाली आणीत.

कोशात पाहिले तर दृष्टांत या शब्दाचा पहिला अर्थ दाखला, उदाहरण असा सापडतो. महानुभावांचा 'दृष्टांतपाठ' आहे तो याच अर्थाने. एक गोष्ट समजावी म्हणून तिच्यापुढे धरलेले दुसरे चित्र, तो दृष्टांत. देव झोपेत येऊन जे सांगतो त्यालाही आपण हाच शब्द लावला, यात पूर्वजांची काही एक समजूत असली पाहिजे. कारण दाखल्याचा अर्थ लावावा लागतो, आणि अर्थ लावणाऱ्याची चूक होऊ शकते. चित्रपटाविषयी लिहावयास बसलो आणि कोशात शिरलो, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. ज्या चित्रपटाविषयी मला बोलावयाचे आहे त्याचे दार, निदान माझ्यापुरते, याच शब्दातून उघडते.

आजोबांचा दृष्टांत १९५० सालचा. माझ्या आत्याचे लग्न बेळगावच्या एका घरात ठरत आले होते. मुलगा शाळेत शिक्षक होता. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या अमलाखाली आणि बेळगाव मुंबई राज्यात, त्यामुळे सोयरीक घाटापलीकडची एवढेच नव्हे, तर सरहद्दीपलीकडची होती. तरीही दोन्ही घरे राजी होती. आत्या एकोणीस वर्षांची. आठव्या-नवव्या वर्षापासून कुलदेवीच्या रोजच्या पूजेची माळ तीच ओवीत असे. एके पहाटे आजोबा उठून बसले ते घामाने भिजलेले. देवी आमच्या ओसरीच्या पायरीवर उभी होती, हातात अर्धी ओवलेली अबोलीची माळ होती, आणि ती म्हणाली, "उरलेली कोण ओवणार?" एवढेच. त्याच दिवशी आजोबांनी बेळगावला पत्र घातले. देवळातल्या वृद्ध पुजाऱ्यांनी सुचविले होते की, पाकळीचा प्रसाद लावून देवीचा कौल घ्यावा आणि मग काय ते ठरवावे. आजोबांचे उत्तर घरात पुढे कितीतरी वर्षे कौतुकाने सांगितले जाई: "ती स्वतः येऊन बोलली, आणि मी तिला पुन्हा विचारू?"

आत्याचे लग्न पुढे झालेच नाही. माळ अखंड चालली.

माझा पहिला चित्रपट मी त्याच देवळाच्या आवारात पाहिला. साल १९६३ असावे. गोवा मुक्त होऊन दोनएक वर्षे झाली होती. जत्रेच्या दुसऱ्या रात्री कोणा फिरत्या मंडळींनी दोन माडांमध्ये पांढरा कपडा ताणला आणि 'संत तुकाराम' दाखविला. प्रभातचा हा बोलपट १९३६ सालचा. तो जुना झाला होता, फीत जागोजाग ओरखडली होती, पण आम्हांला त्याचे काय? खेळ सुरू होण्यापूर्वी कोणीतरी आत्याकडे माळ मागितली आणि ती पडद्याच्या काठीला घातली. विष्णुपंत पागनीस अभंग म्हणू लागले तशी पुढे बसलेल्या बायकांनी हात जोडले. आम्ही मुले अर्ध्या खेळातून उठून पडद्याच्या मागे गेलो, तर तिथूनही चित्र दिसे, फक्त उलटे. शेवटी तुकोबांना न्यावयास आलेला गरुड पुढच्यांना एका दिशेने जाताना दिसला आणि आम्हांला दुसऱ्या. घरी परतताना यावरून माझे आणि चुलतभावाचे भांडण झाले. वैकुंठ नक्की कोणत्या बाजूला आहे, हा वादाचा मुद्दा होता. आत्या म्हणाली, "दोन्ही बाजूंनी तुकोबा गेले ना? मग झाले."

हा भाबडेपणा आमचाच नव्हता. दादासाहेब फाळक्यांच्या 'लंकादहन'मध्ये (१९१७) राम पडद्यावर आला म्हणजे प्रेक्षक नमस्कार करीत, असे त्या काळाविषयी सांगतात. आणि त्या चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या! फाळक्यांना प्रेक्षकांची ही नजर ठाऊक होती. 'कालियामर्दन'च्या (१९१९) आरंभी त्यांनी आपली मुलगी मंदाकिनी हिचा चेहरा मुलगी म्हणूनच दाखविला, आणि मग पाहता पाहता तिचा कृष्ण केला. मुलगी कोणती आणि देव कोणता, हे आधी सांगून मग फसविण्याची ही रीत मला फार सभ्य वाटते.

पुढे मी शिकलो, नोकरीनिमित्त गोव्याबाहेर राहिलो, आणि चित्रपट पाहण्याचे वेड लागले. स्वप्नाचा आणि चित्रपटाचा संबंध किती जवळचा आहे हे त्या वेडातच ध्यानात आले. अंधारात निश्चल बसावयाचे आणि आपण न रचलेली चित्रे आपल्यासमोरून जाऊ द्यावयाची, याला झोपेखेरीज दुसरी उपमा नाही. यंत्राची गंमत अशी की, सेकंदाला २४ चौकटी पडद्यावर येतात आणि त्यांच्या मधल्या क्षणी झडप बंद असते. म्हणजे दोन तासांच्या खेळातला बराच मोठा भाग आपण निव्वळ काळोखात बसलेले असतो आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो. बस्टर कीटनने 'शेरलॉक ज्युनियर'मध्ये (१९२४) हे फार विनोदाने दाखविले आहे. चित्रपटगृहातला यंत्र चालविणारा पोऱ्या यंत्रापाशीच झोपतो, त्याच्या देहातून दुसरा पारदर्शक पोऱ्या उठतो, प्रेक्षागारातून चालत जातो आणि सरळ पडद्यात शिरतो.

परंतु बहुतेक दिग्दर्शक स्वप्नाभोवती कुंपण घालतात. धुके सोडावयाचे, संगीत बदलावयाचे, एक चित्र दुसऱ्यात विरघळवावयाचे, आणि शेवटी निजलेल्या माणसाला दचकून उठवावयाचे. 'आवारा'तले (१९५१) प्रसिद्ध स्वप्न आठवा: ढगांतल्या पायऱ्या, प्रचंड त्रिमूर्ती, ज्वाळा, आणि मग नायक जागा होतो. सत्यजित राय यांच्या 'नायक'मध्ये (१९६६) तो नट नोटांच्या ढिगाऱ्यात रुतत जातो आणि आगगाडीच्या डब्यात जागा होतो. यात शंकेला जागा नाही. बर्गमनने 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज'मध्ये (१९५७) कुंपण थोडे मोडले. त्याचा म्हातारा डॉक्टर काटे नसलेले घड्याळ आणि शवपेटीतून बाहेर आलेला आपलाच हात पाहून जागा होतो, हे खरे. पण पुढे जुन्या घरापाशी थांबल्यावर तो म्हातारपणाच्या देहानेच आपल्या तारुण्यातल्या दिवसांत शिरतो, सगळ्यांना पाहतो, आणि त्याला मात्र कोणी पाहत नाही. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी थक्क झालो. आज वाटते, त्यातले नुकसान झाले तर त्या म्हाताऱ्याचे, लाभ झाला तर त्याचाच. त्याचे स्वप्न त्याच्या मोटारीत बसून लुंडच्या विद्यापीठापर्यंत गेले, दुसऱ्या कोणाच्या घरात घुसले नाही.

'देवी'तले स्वप्न घरात घुसते. राय यांचा हा चित्रपट १९६० सालचा; प्रभातकुमार मुखोपाध्याय यांच्या कथेवरून केलेला, आणि त्या कथेची कल्पना मूळ रवींद्रनाथांची. काळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा, स्थळ बंगालातले एक जमीनदाराचे घर. घराचा कर्ता कालीकिंकर, म्हणजे कालीचा दास. थोरला मुलगा, त्याची बायको आणि त्यांचा लहानगा. धाकटा उमाप्रसाद कलकत्त्याला इंग्रजी शिकतो आहे. आणि त्याची सतरा वर्षांची बायको दयामयी घरी सासऱ्यांची सेवा करते. सासरा तिला 'मा' म्हणून हाक मारतो, जशी बंगालात कोणीही सुनेला मारील. एके रात्री त्याला काळोखात तीन डोळे दिसतात. ते जवळ येतात, आणि त्यांच्याभोवती चेहरा उमटतो तो दयामयीचा. तिसऱ्या डोळ्याच्या जागी तिच्या कपाळावरचे कुंकू. म्हातारा उठतो, धडपडत बाहेर येतो आणि सुनेच्या पायांवर डोके ठेवतो. ती भिंतीकडे तोंड फिरवून उभी राहते. पायांची बोटे तिने आखडून घेतलेली आपल्याला दिसतात.

बस्स, एवढेच स्वप्न. अर्धे मिनिटही भरणार नाही. त्याच्याभोवती कुंपणही आहे: निजलेला माणूस दाखविला आहे, जागा झालेला दाखविला आहे. प्रेक्षकाच्या मनात स्वप्न कोणते आणि जागृती कोणती याचा घोटाळा क्षणभरही होत नाही. घोटाळा होतो तो घरातल्या माणसांच्या मनात. सकाळी स्वप्न संपत नाही. त्याला चौरंग मिळतो, धूप मिळतो, आरती मिळते, रांगेत उभे राहिलेले गाव मिळते. पडद्यावरच्या त्या काळोखाहून हा उजेडच मला अधिक भयाण वाटतो.

आमच्या देवळात चातुर्मासात पुराण सांगणारे एक शास्त्रीबुवा होते. त्यांच्याकडून मी प्रथम ऐकले की, स्वप्न आणि जागृती यांतला भेद आपल्याकडे फार बारकाईने तपासलेला आहे. मांडूक्य उपनिषदावरच्या कारिकांमध्ये गौडपादाचार्य जागेपणी दिसणाऱ्या पदार्थांनाही स्वप्नातल्या पदार्थांच्या पंक्तीला बसवितात. तथापि शंकराचार्य ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात विज्ञानवाद्यांशी वाद करताना सांगतात की, या दोहोंत फरक आहे. कारण स्वप्नाचा जागेपणी बाध होतो. डोळे उघडल्यावर 'हे तसे नव्हते' असे जे कळते तो बाध. शास्त्रीबुवा म्हणत, स्वप्न खोटे म्हणून खोटे नव्हे, ते खोडले जाते म्हणून खोटे. मला त्या वयात हा केवळ शब्दच्छल वाटला होता.

'देवी'ची सारी कथा या एका शब्दावर उभी आहे. कालीकिंकराच्या स्वप्नाचा बाध व्हावयास हवा होता, त्याऐवजी त्याला पुरावा मिळाला. एक गरीब म्हातारा आपल्या मरणोन्मुख नातवाला आणून दयामयीच्या पायांशी ठेवतो. तीर्थ दिले जाते. मूल डोळे उघडते. आता कोणाची छाती आहे नाही म्हणावयाची? उमाप्रसाद कलकत्त्याहून येतो, वाद घालतो, रात्री तिला पळवून नेऊ पाहतो. पण नदीकाठी विसर्जित मूर्तीचा पेंढ्याचा सांगाडा पाहून ती थबकते. आपण खरोखरच देवी असलो तर? तिच्या मनात हा किंतु एकदा शिरला, आणि ती मागे फिरली. पुढे घरातलाच लहानगा तापाने आजारी पडतो, त्याला औषधाऐवजी तिच्या मांडीवर ठेवतात, आणि तो जातो. बाध होतो, पण केवढ्या उशिरा! तोपर्यंत ती पोर देवीही राहिलेली नसते आणि माणूसही.

चित्रपट निघाला तेव्हा तो धर्मावर घाला घालणारा आहे असा आक्षेप आला होता. मी देवळात वाढलेला माणूस आहे आणि आजही संक्रांतीला, नवरात्राला तिथे असतो; मला तो आक्षेप पटत नाही. राय यांनी कालीकिंकराला ढोंगी दाखविलेले नाही. छबी विश्वास यांनी तो म्हातारा असा उभा केला आहे की, त्याच्या भक्तीविषयी संशय घेता येऊ नये. तो लबाड असता तर सोपे झाले असते.

हा चित्रपट मी आत्याबरोबर पाहिला. राय १९९२ साली वारले त्यानंतरची गोष्ट. रविवारी दुपारी दूरदर्शनवर प्रादेशिक चित्रपट लागत, त्यांतला एक. खाली इंग्रजी अक्षरे येत आणि मी ती तिला सांगत होतो. ती बासष्ट-त्रेसष्ट वर्षांची होती, मांडीवर सूप आणि सुपात दुसऱ्या दिवशीच्या माळेची फुले. स्वप्नाच्या प्रसंगी तिचा हात चालूच होता. सासरा पाया पडला तेव्हा थांबला.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी चार वर्षांचा असताना, १९५६ साली, माझी आई वारली. मला वाढविले ते आत्याने. माझे दुखणेखुपणे, शाळा, मुंज, सारे तिने केले. त्या काळी घरी येणारे प्रत्येक पाव्हणे आजोबांना म्हणत, आणि मी ते शेकडो वेळा ऐकले आहे: "पाहा, देवीला पुढचे दिसत होते. पोर घाटापलीकडे गेली असती तर या लेकराचे कोणी केले असते?" आजोबा काही बोलत नसत, माझ्या डोक्यावरून हात फिरवीत. तो हात मला फार आवडे. आपण देवीच्या योजनेत आहोत, असे वाटे.

आता पडद्यावर त्या म्हाताऱ्याचा नातू डोळे उघडत होता, लोक जयजयकार करीत होते, आणि मी इंग्रजी अक्षरे वाचावयाचे विसरलो. ते मूल कोण आहे हे मला एकदम कळले. आजोबांच्या स्वप्नाला पुरावा मिळाला होता, तो मी होतो. चाळीस वर्षे मी तो पुरावा म्हणून घरात हिंडत होतो, जेवत होतो, वाढत होतो. मी जगलो यावरून आजोबा बरोबर होते असे ठरले, आणि आत्याच्या बाजूने बोलण्याचा कोणाचा मार्ग उरला नाही. माझा तर नाहीच.

चित्रपट संपला. दयामयी धुक्यात धावत गेली. मी दूरचित्रवाणी संच बंद केला. आत्या बराच वेळ फुले निवडीत राहिली आणि मग कोंकणीत म्हणाली, "आनी तिका पडिल्लें सपन? तें दाखयलेंच ना."

मी म्हणालो की, तिला स्वप्न पडल्याचे कथेत नाही.

"पडले असणार," ती म्हणाली. "सतरा वर्षांची पोर. नवरा दूर. तिला रोज पडत असणार." आणि मग, सूप खाली ठेवून: "ते राती म्हाकाय सपन पडिल्लें."

कोणती रात्र हे विचारण्याची गरज नव्हती. तिने सांगितले ते असे. ती आगगाडीत खिडकीशी बसली होती. गाडी डोंगर चढत होती, आणि एकाएकी खिडकीतून पाणी आत आले, पांढरेशुभ्र, दुधासारखे. तिचे केस, पातळ सारे भिजले आणि ती हसत होती. शेजारी कोणीतरी बसले होते, त्याचा चेहरा दिसला नाही. दूधसागर तिने तेव्हा पाहिला नव्हता. बेळगावच्या वाटेवर तो लागतो एवढे ऐकले होते. पहाटे ती हे स्वप्न वहिनीला, म्हणजे माझ्या आईला, सांगावयास उठली, तर घरात आजोबांच्या खोलीपाशी गडबड उडालेली. मग तिने कोणालाच सांगितले नाही. चव्वेचाळीस वर्षे सांगितले नाही.

"दोघांना एकाच रात्री पडले," ती म्हणाली. "बाबांना पडला तो दृष्टांत."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, हे मला मुद्दाम नमूद केले पाहिजे. आजोबांविषयी तिने मला कधी वाकडा शब्द ऐकविला नाही. माळ ओवणे तिला ओझे वाटत असे असेही नाही. देवीवर तिचे प्रेम होते, मित्रावर असावे तसे, थोडे थट्टेचे.

त्या दिवसापासून आपल्या जुन्या कथा मला निराळ्या ऐकू येऊ लागल्या. तुकोबांना बाबाजींनी स्वप्नात मंत्र दिला, नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि अभंग रचावयास सांगून गेले. हे स्वतः तुकोबांनीच सांगितले आहे. पण त्या स्वप्नाचे ओझे तुकोबांनी आपल्याच खांद्यावर घेतले. (जिजाईच्या वाट्याला त्यातले किती आले, तो हिशेब निराळा.) कीर्तनांत हरिश्चंद्र स्वप्नात दिलेले राज्य जागेपणी विश्वामित्राच्या हवाली करतो. फाळक्यांनी १९१३ साली भारताचा पहिला कथाचित्रपट काढला तो याच राजावर. त्यांनी मात्र स्वप्न न घेता शिकारीच्या वेळी ऋषीच्या यज्ञात विघ्न आल्याची हकीकत घेतली. मुक्या चित्रपटात स्वप्न दाखविणे अवघड म्हणून की आणखी कशाने, कोण जाणे. पण कीर्तनातला राजा ऐकताना मला आता तारामती दिसते. स्वप्न तिच्या नवऱ्याला पडले होते. भर बाजारात उभी राहिली ती, आणि रोहिदास. तिला त्या रात्री कोणते स्वप्न पडले होते, हे कोणत्याही बुवांनी मला सांगितलेले नाही.

दृष्टांत हा प्रकारच खोटा, असे म्हणावयास माझी जीभ वळत नाही. सोळाव्या शतकात मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला आली. रात्री नदी ओलांडून देव नेणाऱ्या त्या माणसांच्या घराघरांत दृष्टांताच्या कथा आहेत. ज्यांचे सर्वस्व जात होते त्यांना झोपेत कोणीतरी 'इकडे ने' म्हणाले आणि ते निघाले. त्या कथांतून दृष्टांत काढून टाकला तर आपल्या निम्म्या देवळांची जमीन पायाखालून सरकेल. माझी तक्रार फार लहान आहे. पुजाऱ्यांनी म्हटले होते, पाकळी लावा. आपल्याच परंपरेने स्वप्न तपासावयास एक ओली पाकळी ठेवली होती. उजवी पडेल की डावी, हे कोणाच्या हातात नसते, आणि म्हणूनच ती लावावयाची असते. आजोबांनी ती नाकारली, आणि आम्ही सर्वांनी त्यांच्या नकाराला श्रद्धा म्हटले.

मागच्या पावसाळ्यात पणजीत एका छोट्या सभागृहात 'देवी' पुन्हा दाखविला. आंतरराष्ट्रीय महोत्सव २००४ पासून तिथे भरू लागल्यापासून चित्रपट पाहणारी जाणती तरुण मंडळी तयार झाली आहेत. खेळानंतर चर्चा झाली. एकाने विचारले, दिग्दर्शकाच्या मते ते स्वप्न खरे की भ्रम? दुसरा फ्रॉइडविषयी बोलला, सासऱ्याच्या मनातल्या दडलेल्या वासनेविषयी. चांगले बोलला, आणि त्यात तथ्य असेलही. मला काही सांगावेसे वाटले, पण उठलो नाही. मी पुन्हा एकदा पडदा डोळ्यांसमोर आणून शोधीत होतो. तो सारा चित्रपट दयामयीच्या चेहऱ्यावर रेंगाळतो. शर्मिला टागोर तेव्हा कोवळ्या वयाच्या होत्या, आणि तो चेहरा कितीही पाहिला तरी पुरत नाही. तरीही ती निजली आहे आणि आपण तिच्या झोपेत शिरलो आहोत, असे एकदाही होत नाही. कॅमेरा म्हाताऱ्याच्या झोपेत शिरला. तिच्या उशाशी थांबला. राय यांनी हे जाणून केले असावे असे मी मानतो. आत्याने ते पहिल्याच वेळी पाहिले. मला तीस वर्षे लागली.

त्या दुपारनंतर मी तिला म्हटले होते, आपण एकदा बेळगावला जाऊ, आगगाडीने. ती म्हणे, आता तिथे माझे कोण आहे? शिवाय माळ. मधे काही वर्षे तो लोहमार्ग रुंद करण्याचे काम चालले होते म्हणून गाड्या बंद होत्या, तेही निमित्त झाले. शेवटी १९९९ च्या डिसेंबरात, चुलतभावाच्या सुनेने दोन दिवस माळेचे पत्करल्यावर, ती निघाली. कुळ्याला गाडी बराच वेळ थांबली. तिथे चढासाठी मागून ढकलणारी इंजिने जोडतात. आत्याने खिडकीची जागा घेतली होती आणि नवे इरकल नेसली होती. बोगद्यांमागून बोगदे गेले. मी घड्याळाकडे पाहत होतो, ती झोपेल की काय अशी मला भीती वाटत होती. मग वळणावर गाडी मंदावली आणि डब्यातले सारे लोक एका बाजूला आले.

दूधसागर समोर होता. डिसेंबरातले पाणी, कड्यावरून दोन-तीन धारांनी उतरत होते. खिडकीपर्यंत तुषारही येत नव्हते. तिने गजांतून हात बाहेर काढला, उलटा-सुलटा केला आणि आत घेतला. कोरडाच होता.

गाडी पुलावरून पुढे गेल्यावर ती म्हणाली, "सपनांत उदक चड आशिल्लें." आणि पिशवीतून मला लाडू काढून दिला.